‘टू’ कशाचा? आठवीच्या वर्गातील एका समीकरणाचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यातील एका खेड्याच्या शाळेतले आहे. इयत्ता आठवीच्या मराठी माध्यमाच्या या वर्गाला मी सामान्य विज्ञान शिकवते. वर्गातील बहुतेक मुलांचे पालक संत्र्याच्या बागांत मजुरीला जातात किंवा त्यांची स्वतःची दोन-चार एकर बाग आहे. घरी मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना, युरिया हे शब्द रोज कानावर पडतात. प्रयोगशाळा म्हणून मात्र शाळेत एक कपाट आहे. या लेखात रासायनिक सूत्रे मी मुद्दाम वर्गात उच्चारली जातात तशीच लिहिली आहेत, कारण समीकरण संतुलित करताना मुले सूत्रच बदलतात, या ज्या अडचणीविषयी हे टिपण आहे तिचे मूळ अखेर उच्चारातच सापडले.

घटक चाचणीत एक साधा प्रश्न होता : हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी तयार होते, या अभिक्रियेचे समीकरण लिहून ते संतुलित करा. एच टू अधिक ओ टू, मग बाण, आणि बाणापुढे एच टू ओ, इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर होते. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच, हेही त्यांच्या लक्षात आले होते. ही तूट भरून काढण्यासाठी वर्गातील २४ पैकी १५ मुलांनी उजवीकडच्या ओच्या पायाशी दोनचा आकडा लिहिला आणि समीकरण संतुलित झाल्याचे जाहीर केले. त्या १५ वह्यांमध्ये एका मुलीची वही सर्वांत नेटकी होती. तिने समीकरणाखाली तक्ता आखला होता, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना मोजले होते आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली होती. मी त्यावर लाल शाईने फुली मारली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, इकडं दोन-दोन, तिकडंबी दोन-दोन. सारखं झालं नं? मंग काहून चुकलं?”

मी तिला “सूत्र बदलायचं नसतं” एवढेच सांगितले. तिने मान डोलावली आणि ती गेली. तिची मोजणी अचूक होती, तिच्या प्रश्नात तर्क होता, आणि मी तिला कारण न सांगता नियम ऐकवला, ही या प्रकरणातील माझी पहिली चूक होय.

दुसरी चूक निदानाची होती. सूत्र बदलावेसे वाटते म्हणजे सूत्र कसे बनते हेच मुलांना पक्के ठाऊक नसावे, असे मी गृहीत धरले आणि पुढचा संपूर्ण आठवडा संयुजेवर, म्हणजे मूलद्रव्याच्या संयोग पावण्याच्या क्षमतेवर, घालवला. हायड्रोजन व सोडिअमची संयुजा एक, ऑक्सिजन, कॅल्शिअम व मॅग्नेशिअमची दोन, ॲल्युमिनिअमची तीन, हे पाठ झाले. संयुजांची तिरपी अदलाबदल करून सूत्र लिहिण्याचा सरावही झाला. ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे एएल टू ओ थ्री हे सूत्र मागच्या बाकावरची मुलेसुद्धा फळ्यावर येऊन लिहू लागली. शनिवारी मी मॅग्नेशिअमची फीत जाळून दाखवली आणि समीकरण मागितले. आदल्याच दिवशी ज्या मुलांनी मॅग्नेशिअम ऑक्साइडचे सूत्र संयुजेवरून एमजीओ असे बिनचूक लिहिले होते, त्यांनीच आता बाणापुढे एमजीओ टू लिहिले, कारण डावीकडे ओ टू होता. संयुजा त्यांना येत होती; फक्त समीकरण संतुलित करताना ती त्यांच्या लेखी लागूच होत नव्हती. माझ्या निदानाला याहून स्पष्ट उत्तर मिळाले नसते.

खरी गोष्ट उलगडली ती मागच्या बाकावरील एका मुलामुळे. त्याला फळा नीट दिसत नाही, चष्म्याचे काम रेंगाळलेले आहे, त्यामुळे तो ऐकून लिहितो. मी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत असे : “टू एच टू, प्लस ओ टू, बाण, टू एच टू ओ.” त्याच्या वहीत हे सगळे आकडे एकाच उंचीचे, एकाच रेषेवर होते, आणि ते पाहून मी प्रथमच त्याला विचारले की शेवटच्या ‘टू एच टू ओ’मधला पहिला टू कशाचा आणि दुसरा कशाचा. तो म्हणाला, “दोन्ही हायड्रोजनचेच, मॅडम. दोन अन् दोन चार.” मग ऑक्सिजन किती, या प्रश्नावर त्याने क्षणाचाही विलंब न लावता “एक” असे उत्तर दिले.

या उत्तरातील चार हायड्रोजन बरोबर आहेत, ही त्यातली फसवी बाब आहे. पाण्याच्या दोन रेणूंत हायड्रोजनचे अणू चारच असतात. पण ऑक्सिजनचे दोन असतात, आणि सूत्राच्या पुढचा, म्हणजे आधी लिहिलेला, आकडा संपूर्ण रेणूला लागू होतो हे माहीत नसल्याने या मुलाने तो केवळ शेजारच्या अक्षराला जोडला होता. त्याच्या वाचनाप्रमाणे पुढे दोन लिहून ऑक्सिजनची तूट कधीच भरून निघणार नव्हती. म्हणजेच ऑक्सिजन वाढवायचा असेल तर ओच्या पायाशी दोन लिहिण्यावाचून त्याच्यापुढे मार्गच उरत नव्हता! ज्याला मी निष्काळजीपणा समजत होते ती त्याच्या समजुतीतून निघणारी सुसंगत कृती होती. मी सर्वांना ‘टू एच टू ओ’चे चित्र काढायला लावले, तेव्हा तो एकटा नव्हता हे दिसले. कुणी एका ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन चिकटवले होते, कुणी चार हायड्रोजनची माळ करून तिच्या टोकाला ऑक्सिजन बांधला होता. पाण्याचे दोन सुटे रेणू काढणारी मुले फक्त सहा होती.

आमच्या वर्गात स्पष्टीकरण मराठीत होते, पण चिन्हे रोमन अक्षरांची असल्यामुळे सूत्र वाचताना आम्ही सगळेच नकळत इंग्रजी आकड्यांवर जातो. कागदावर हे दोन आकडे वेगळे दिसतात. एक मोठा आणि सूत्राच्या आधी, दुसरा लहान आणि अक्षराच्या पायाशी. तोंडातून निघताना मात्र दोघेही फक्त ‘टू’ होतात. कार्बन मोनॉक्साइड आणि कोबाल्ट यांचेही तसेच आहे, कानाला दोन्ही ‘सी ओ’च, फरक काय तो दुसरे अक्षर मोठे की लहान एवढाच. शिवाय चिन्हांकित लेखनाची ही पद्धत काही आकाशातून पडलेली नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलिअस यांनी १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांसाठी अक्षरे वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा अणूंची संख्या अक्षराच्या वर, घातांकासारखी लिहिली जात असे. ती खाली उतरली १८३० च्या दशकात. आणि त्याआधी, १८०८ मध्ये, जॉन डाल्टन यांनी पाण्याच्या रेणूत एकच हायड्रोजन व एकच ऑक्सिजन मानला होता. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांना त्याचे फार अप्रूप वाटले नाही, परंतु मला स्वतःला थोडा धीर आला.

उपाययोजना

पहिला उपाय वाचनाचा होता. सूत्रातील चिन्हे तशीच ठेवायची, पण समीकरण वाचताना आकडे मराठीत आणि ते कशाचे आहेत हे सांगूनच म्हणायचे, असा नियम मी स्वतःपासून सुरू केला. ‘टू एच टू ओ’ऐवजी “पाण्याचे दोन रेणू; प्रत्येकात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक.” वाक्य लांबते आणि तास हळू चालतो, पण कोणताही आकडा बेवारस राहत नाही. समजावण्यासाठी मी संत्र्याच्या कॅरेटचे उदाहरण घेतले होते : पुढचा आकडा कॅरेट किती ते सांगतो, खालचा आकडा कॅरेटच्या आत काय किती आहे ते सांगतो. मुलांना ते चटकन पटले. मात्र हे उदाहरण एका मर्यादेपलीकडे ताणण्यात धोका आहे, कारण कॅरेटमध्ये एक संत्रे जास्त भरले तरी ते संत्र्यांचे कॅरेटच राहते, आणि रेणूचे नेमके तसे होत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात होते.

म्हणून दुसरा उपाय हातांचा केला. विहिरीकाठच्या काळ्या चिकणमातीच्या मोठ्या गोळ्या ऑक्सिजन म्हणून, शाडूच्या लहान गोळ्या हायड्रोजन म्हणून आणि आगपेटीच्या काड्या बंध म्हणून घेतल्या. अट एकच घातली : बाणाच्या पलीकडे तयार झालेल्या रेणूत नवी गोळी खुपसायची नाही, कमी पडले तर त्याच जातीचा दुसरा पूर्ण रेणू तयार करायचा, आणि त्यासाठी लागणारा माल डावीकडून, तोही पूर्ण रेणूंच्या रूपानेच, आणायचा. हायड्रोजनचा एक रेणू व ऑक्सिजनचा एक रेणू घेऊन गटागटाने पाणी बनवले, तेव्हा प्रत्येक गटाच्या पाटीवर एक काळी गोळी उरली. ती उरलेली गोळी हातात घेऊन काय करायचे यावर जी चर्चा झाली ती माझ्या आठवडाभराच्या संयुजेपेक्षा मोलाची होती. एका गटाने ती फेकून देण्याचा प्रस्ताव मांडला. दुसऱ्याने ती पाण्याच्या रेणूत खुपसली, म्हणजे वहीतील चूकच मातीत केली. तिसऱ्या गटाने मात्र आणखी एक हायड्रोजन रेणू मागून घेतला, त्यातून पाण्याचा दुसरा रेणू बनवला आणि पाटीवर काहीच उरले नाही हे पाहून आरडाओरडा केला. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन : समीकरणातील पुढचे आकडे त्यांनी गोळ्या मोजून मिळवले, आकडेमोडीने नव्हे.

ज्या गटाने काळी गोळी पाण्यात खुपसली होती, त्यात ती नेटक्या वहीची मुलगी होती. तिच्या हातातील मातीचा रेणू, म्हणजे दोन हायड्रोजन व दोन ऑक्सिजन, कल्पनेतला नव्हता. एच टू ओ टू हा पदार्थ खरोखर अस्तित्वात आहे, तो हायड्रोजन पेरॉक्साइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार यांनी तो १८१८ मध्ये प्रथम तयार केला. औषधाच्या दुकानातून आणलेली त्याची तपकिरी बाटली प्रथमोपचार पेटीत होती. मी दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत पाणी व दुसरीत पेरॉक्साइड ओतले आणि दोन्हींत कच्च्या बटाट्याचा एकेक तुकडा टाकला. पाण्यातला तुकडा तळाशी बसून राहिला. दुसऱ्या नळीत तुकड्याभोवती बुडबुडे जमले, पांढरा फेस चढत वर आला. फुंकर मारून विझवलेली, टोकाला ठिणगी उरलेली उदबत्ती आत धरताच ती ठिणगी उजळली, कारण बटाट्यातील विकरामुळे (एन्झाइममुळे) पेरॉक्साइडचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडत होता. ती मुलगी बराच वेळ दोन्ही नळ्यांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “म्हंजे म्या पाण्याच्या जागी हे लिवलं होतं!” तिच्या वहीवरील लाल फुलीचे कारण तिला त्या दिवशी मिळाले. हेही सांगितले पाहिजे की रंग, वास नसलेला आणि पाण्यासारखाच दिसणारा हा द्रव मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. ओतण्याचे काम मीच केले.

बोर्डोचा प्रसंग

पावसाळा ओसरला की या भागात संत्र्याच्या खोडांना बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक, लावण्याची लगबग असते, कारण खोडातून डिंक वाहणाऱ्या डिंक्या रोगापासून झाड वाचवायचे असते. मलमासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी घेतात. फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी तेवढेच मोरचूद व चुना शंभर लिटर पाण्यात घेतात. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करतात, लोखंडी बादली वापरत नाहीत. मुलांना ही सगळी कृती तोंडपाठ होती, आणि तिची पारखही. एक मुलगी म्हणाली, “खिळा बुडवून पाहतात. लाल झाला तं चुना कमी पडला. मंग बाबा अजून टाकतात.”

हा खिळा म्हणजे चालतेबोलते समीकरण आहे. मिश्रणात मोरचूद शिल्लक असेल तर खिळ्यातील लोह त्यातील तांब्याची जागा घेते आणि सुटे झालेले तांबे खिळ्यावर लालसर थर होऊन बसते : एफई अधिक सीयू एसओ फोर, बाण, एफई एसओ फोर अधिक सीयू. इथे दोन्ही बाजूंना सर्व अणू आपोआप सारखे भरतात, पुढे एकही आकडा लिहावा लागत नाही. मोरचूद व चुन्याच्या निवळीची अभिक्रियाही, पाठ्यपुस्तकी साधेपणाने लिहिली तर, तशीच एकास एक आहे. कॉपर सल्फेट व कॅल्शिअम हायड्रॉक्साइड यांपासून कॉपर हायड्रॉक्साइड व कॅल्शिअम सल्फेट. प्रत्यक्ष मिश्रणातील निळ्या अवक्षेपाची (न विरघळणाऱ्या साक्याची) घडण याहून गुंतागुंतीची असते; आठवीच्या वर्गात मी ती बाजूला ठेवली.

एकास एक हे शब्द ऐकताच मागच्या बाकावरचा तो मुलगा उत्साहाने उठला : “मंग बराबरच हाय नं मॅडम. बाबाबी किलोले किलोच टाकतात!” साऱ्या वर्गाला हे पटले, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही आनंद झाला, कारण पुस्तक आणि बाग यांचा मेळ बसल्यासारखे वाटत होते. पण हा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे, आणि तो तसाच सोडून दिला असता तर ‘टू कशाचा’ हीच चूक नव्या रूपात रुजली असती. समीकरणातील एकास एक हे रेणूंबाबतचे विधान आहे. किलोंशी त्याचा थेट संबंध नाही.

पुढचा तास या हिशेबात गेला. तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५, गंधकाचे ३२, ऑक्सिजनचे १६, हायड्रोजनचे १ आणि कॅल्शिअमचे ४० धरले. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात, ते धरून बेरीज २४९.५ येते, कॅल्शिअम हायड्रॉक्साइडची ७४. म्हणजे संख्येने एकास एक असलेले हे दोघे वजनाने साडेतीन पटींच्या आसपास वेगळे आहेत, आणि एक किलो मोरचुदाला हिशेबाने सुमारे ३०० ग्रॅम विरलेला चुना पुरतो. मग बाबा किलोभर का टाकतात, हा प्रश्न वर्गातून लगेच आलाच. बाजारात मिळणारा चुना शुद्ध नसतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा काही भाग आधीच कार्बोनेट झालेला असतो, काही खडे पुरते विरतच नाहीत. शिवाय सुटे मोरचूद राहिले तर पाने करपतात, म्हणून चुना जास्त असलेलाच बरा. खिळ्याची परीक्षा याच शंकेसाठी आहे. बाबांचे प्रमाण अनुभवाचे व सावधगिरीचे आहे आणि समीकरणाचे प्रमाण अणूंचे आहे, हे दोन्ही खरे असूनही एक नव्हेत, हे वर्गातील निम्म्या मुलांच्या तरी पचनी पडले असावे. भागाकारात अडकलेली मुले मात्र तिथेच राहिली. वजनाचा हा हिशेब आठवीसाठी अवघड आहे, आणि प्रश्न मुलांकडून आला नसता तर तो मी काढला नसता.

जे सुटले नाही

दिवाळीच्या सुट्टीआधी घेतलेल्या चाचणीत मॅग्नेशिअमचे समीकरण पुन्हा विचारले. ओच्या पायाशी दोन लिहिणारी मुले आता चार होती. त्यांच्यापैकी दोघे गोळ्यांच्या तासाला गैरहजर होते. उरलेल्या दोघांना गोळ्यांनी जमते आणि कागदावर फसते, याचे कारण मला अजून सापडलेले नाही.

कंसाची अडचण मात्र जवळजवळ सर्वांची आहे, आणि ती पुन्हा कानाचीच आहे. चुन्याच्या निवळीचे सूत्र आपण ‘सीए ओएच टू’ असे म्हणतो आणि कंस कधीच उच्चारत नाही. मागच्या बाकावरील मुलाने ऐकून लिहिलेल्या सूत्रात कंस नव्हता, त्यामुळे दोनचा आकडा एकट्या हायड्रोजनच्या वाट्याला गेला होता आणि ऑक्सिजन एकच उरला होता. बोर्डोचे समीकरण त्याने याच सूत्राने मोजले तेव्हा ते जुळेना. त्याने यावेळी एकही आकडा बदलला नाही, वही घेऊन टेबलापाशी आला आणि सूत्रावर बोट ठेवून त्याने विचारले, “मॅडम, हा टू कोणाकोणाचा हाय?” आता ते सूत्र आम्ही “कॅल्शिअम एक, ओएचची जोडी दोनदा” असे वाचतो. ॲल्युमिनिअम सल्फेटला ही युक्ती कितपत पुरेल ते पुढच्या सत्रात पाहायचे आहे. त्याच्या चष्म्यासाठीही पालकांना पुन्हा निरोप पाठवला आहे.